कुळेचा घाट, कॅसलरॉक आणि अरुण नदीवरचा पोरगा

पाऊस लागला की गोव्यातल्या माणसाला दूधसागर आठवतो आणि मग मोबाईलवर तेच ते व्हिडिओ सुरू होतात, धबधब्यासमोरून जाणारी रेल्वे, ढग, पांढरं पाणी. आवडतं मलाही ते, पण मला त्या पाण्यापेक्षा त्या रुळांचं वेड जास्त आहे. कारण ही लाईन टाकली तेव्हा खाली एक देश होता आणि वर दुसरा. कुळे पोर्तुगीजांचं शेवटचं मोठं स्टेशन, कॅसलरॉक ब्रिटिशांचं पहिलं, आणि मधे 26 किलोमीटरचा घाट. आज आपण शेजारी देशांना वीज विकतो, त्यांच्या नद्यांवर धरणं बांधतो, पाईपलाईन टाकतो, ह्या सगळ्याच्या बातम्या वाचताना मला दरवेळी हा घाट डोळ्यांसमोर येतो. म्हणून ह्या जूनमध्ये ठरवलं की दूधसागरसाठी नाही, खास कॅसलरॉकसाठी जायचं.

मडगावहून सकाळची कलकत्त्याकडे जाणारी अमरावती एक्सप्रेस पकडली. सावर्ड्याला मामा चढले. मामा कुडचड्याला राहतात, वीज खात्यात लाईनवर नोकरी केली आणि रिटायर झाले, पण अजून रस्त्याने जाताना नजर वरच असते, तारांकडे. येताना मिरची भजी आणि पातळभाजी-पाव बांधून आणलेले. "अरे तू फॅक्टरीतला माणूस, तुला विजेचं बिल माहीत, वीज कुठून येते ते माझ्याकडून ऐक," असं म्हणत बसले ते खिडकीलाच बसले.

आमच्या समोरच्या सीटवर एक नेपाळी पोरगा होता, विशीतला. कळंगुटच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका शॅकच्या, म्हणजे झोपडीवजा हॉटेलच्या, किचनमध्ये काम करायचा, सीझन संपला, शॅक मोडून ठेवली, आता घरी. गोव्यात अशी हजारो पोरं आहेत, आपण त्यांच्या हातचं खातो पण ती कुठल्या गावची हे कधी विचारत नाही. मी विचारलं. तर म्हणाला संखुवासभा. मी उडालोच, कारण संखुवासभा म्हणजे अरुण नदी, आणि अरुण नदीवर आपली भारताची सरकारी कंपनी एसजेव्हीएन 900 मेगावॉटचं अरुण-3 जलविद्युत केंद्र बांधतेय! "मेरा भाई उधर टनल में है," पोरगा म्हणाला. त्या प्रोजेक्टचा पाण्याचा बोगदाच जवळपास 12 किलोमीटरचा आहे, ह्याचा भाऊ त्यातच कामाला.

मग काय, कुळेपर्यंत आमचं तेच चाललं.

कुळेला गाडी बराच वेळ थांबते, कारण मागे बँकर इंजिनं, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लावायची असतात. पुढचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर चढलात. रेल्वेसाठी हा भयंकर चढ झाला. मागच्या डब्याच्या दारात उभं राहिलं तर इंजिन जोडल्याचा धक्का अख्ख्या गाडीत जाणवतो, आणि मग सुटताना एकदम सुटत नाही, आधी नुसती कुरकुरते, मग हळूच हलते. सोनावळीच्या पुढे जंगल खिडकीला घासायला लागलं. बोगद्यात शिरलो की डब्यात पोरांची आरडाओरड, बाहेर आलो की खाली दरी आणि दगडातून पाझरणारं पाणी. दूधसागरला नेहमीप्रमाणे सगळे एका बाजूला धावले, पाणी अजून भरलं नव्हतं, सुरुवातीचं होतं, पण 310 मीटर उंचीवरून येणारं पाणी कमी असलं तरी बघणाऱ्याचं तोंड उघडं राहतंच. तो पोरगाही बघत होता, आणि मामांना म्हणाला, "अंकल, इससे बिजली क्यों नहीं बनाता?" मामा म्हणाले, अरे बाबा हे पावसाळ्यापुरतं, उन्हाळ्यात ह्याची करंगळीएवढी धार राहते. तुमच्याकडे हिमालयातलं बर्फ वितळून नदीत येतं म्हणून वर्षभर पाणी, तरी हिवाळ्यात तुमचंही घटतंच ना. पोराने मान हलवली. त्याच्या लहानपणी काठमांडूत हिवाळ्यात रोजचे 16-18 तास लाईट नसायची, ते आठवलं त्याला. 2016 मध्ये मुझफ्फरपूर ते ढल्केबर ही 400 केव्हीची लाईन सुरू झाली, भारतातून जास्त वीज जायला लागली आणि नेपाळचं लोडशेडिंग आटोक्यात आलं. आता उलट आहे, पावसाळ्यात नेपाळ आपल्याला वीज विकतो.

आता ह्या घाटाची गोष्ट, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

26 डिसेंबर 1878 ला ब्रिटन आणि पोर्तुगाल ह्यांच्यात करार झाला. दोन्हीकडच्या हिंदुस्थानातला कस्टम्स ड्युटीचा अडसर काढायचा, आणि मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे न्यायची. पोर्तुगीजांकडे पैसे नव्हते. मग 1881 मध्ये लंडनला वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी निघाली, भांडवल इंग्रजांचं, जमीन गोव्याची, आणि हमी पोर्तुगीज सरकारची. हमी म्हणजे काय, तर रेल्वेला धंदा होवो न होवो, भांडवलावर ठरलेलं व्याज सरकार देणार. ह्याच्या बदल्यात ब्रिटिशांनी गोव्याच्या मिठावर आपला ताबा बसवला आणि पोर्तुगीजांना वर्षाला 4 लाख रुपये भरपाई द्यायचं कबूल केलं. मिठागरांत पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या लोकांना ह्यातलं काय मिळालं? त्यांचा धंदा गेला. रेल्वेच्या नफ्यात त्यांचा वाटा कुठेच नव्हता.

आणि खरी मेख पुढे आहे. करार लागू झाला 1880 मध्ये, मुदत 12 वर्षांची. रेल्वे पूर्ण होऊन घाट चढली 1888 मध्ये. करार 1892 मध्ये संपला आणि पुन्हा केलाच नाही. म्हणजे जी लाईन त्या कराराच्या भरवशावर बांधली तिला त्या कराराचा फायदा जेमतेम चार वर्षं मिळाला! 4 लाख थांबले, कस्टम्सची भिंत परत उभी राहिली, कॅसलरॉकला पेट्या उघडून तपासणं चालू झालं, आणि व्याजाची हमी मात्र तशीच राहिली, ती भरायची पोर्तुगीज सरकारने. पुढे 1902 मध्ये लाईन चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता आणि अजून येतो. रेल्वे वाईट नव्हती हो, रेल्वे सोन्यासारखी होती, करार करणाऱ्यांनी रुळांचं आयुष्य आणि कागदाचं आयुष्य ह्यांचा मेळच घातला नव्हता.

अरुण-3 चा करार मी मुद्दाम ह्याच नजरेने बघतो. तो नोव्हेंबर 2014 मध्ये झाला. बांधकामाचा काळ सोडून 25 वर्षं कंपनी प्रकल्प चालवणार, त्यातली 21.9 टक्के वीज नेपाळला फुकट, आणि मुदत संपली की अख्खा प्रकल्प नेपाळच्या ताब्यात. बाधित कुटुंबांना महिन्याला 30 युनिट मोफत. पैसा उभा करायची जबाबदारी कंपनीची, नेपाळ सरकारने व्याजाची हमी देऊन बसायची गरज नाही. ह्याच नदीवरच्या जुन्या अरुण-3 मधून वर्ल्ड बँकेने 1995 मध्ये अंग काढून घेतलं होतं, म्हणजे त्या दरीतल्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली बघा. मी पोराला 30 युनिटचं विचारलं, त्याला ते बरोब्बर माहीत होतं. आकडा त्याच्याच तोंडून आला. करारातलं कलम दरीतल्या पोराला तोंडपाठ आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटली.

भूतानचं बघा. तिथला चुखा जलविद्युत प्रकल्प 336 मेगावॉटचा, त्याला भारताने 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज दिलं, व्याज 5 टक्के. तिथली वीज आपण घेतली, भूतानच्या सरकारला त्यातून उत्पन्न मिळालं. पुढे मांगदेछू प्रकल्पाला तेच प्रमाण उलटं झालं, 30 टक्के अनुदान, 70 टक्के कर्ज आणि व्याज 10 टक्के. पुनात्सांगछू-1 मध्ये तर डोंगरच सरकला, काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि रखडलेल्या कामावर व्याज चढतच असतं. इथे मला परत 1881 ची हमी दिसते. भूतान आपला इतका जवळचा मित्र, त्याच्या बाबतीत आपण चुखाच्या धर्तीवरच राहायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. लहान शेजाऱ्याच्या डोक्यावर कर्ज आणि आपल्या हातात वीज, हे फार दिवस गोड लागत नाही.

कॅसलरॉकला आम्ही उतरलो. पोराला मामांनी उरलेले पाव आणि भजी बांधून दिली, तो नको नको म्हणत होता, मामा कसले ऐकतात. त्याला कलकत्त्याहून पुढे जोगबनीला जायचं, मग सीमा ओलांडून वर डोंगरात.

कॅसलरॉक आता कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात. बाहेर गारठा, धुकं, चहाच्या टपरीवर कन्नड, कोकणी, मराठी सगळं एकत्र. इथे एके काळी आंतरराष्ट्रीय सीमा होती हे आज कुणाला सांगून पटणार नाही. 1955 च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, भारताने संबंध तोडले आणि ह्या लाईनवरची सीमेपलीकडची वाहतूक बंद झाली, ती गोवा मुक्त होईपर्यंत, डिसेंबर 1961 पर्यंत. रूळ होते, बंदर होतं, दोन्हीकडे एकमेकांचे नातेवाईक होते, आणि गाडी नव्हती. मामांच्या घरचे एक काका तेव्हा बेळगावला होते, ते सहा वर्षं आईला भेटू शकले नाहीत असं मामा सांगतात. ऊर्जेचं पण असंच असतं, शेजाऱ्याशी बिनसलं की स्विच कुणाच्या हातात आहे ते कळतं. ज्या प्रकल्पात चिनी पैसा आहे त्याची वीज भारत घेत नाही, त्यामुळे नेपाळातल्या अशा प्रकल्पांना गिऱ्हाईक मिळणं अवघड. आपली सुरक्षेची काळजी मला समजते, पण हा नियम धरण बांधायच्या आधीपासून माहीत असणं आणि बांधून झाल्यावर कळणं ह्यात फरक आहे.

चांगलंही होतंय. 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज 69 किलोमीटरची पेट्रोलियम पाईपलाईन सुरू झाली, टँकरच्या रांगा गेल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॉट वीज आपल्या ग्रिडमधून बांगलादेशला गेली. 40 म्हणजे अगदी थोडी, पण तीन देश, एक तार. ऑक्टोबर 2016 मध्ये ब्रिक्सच्या वेळी हेच सगळे शेजारी, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमारचे नेते आपल्या दक्षिण गोव्यात बिमस्टेकसाठी, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाच्या बैठकीसाठी, जमले होते, आणि ग्रिड जोडायच्या बिमस्टेकच्या करारावर 2018 मध्ये काठमांडूत सह्या झाल्या. गोव्यातल्या त्या बैठकीच्या वेळी आपल्याकडे चर्चा झाली ती रस्ते बंद असल्याची.

परतताना मामांचा मुलगा गाडी घेऊन आला, अनमोड घाटाने मोल्याला उतरलो. मोल्याच्या आसपास मामांनी गाडी थांबवायला लावली. वर टॉवर. "मोज," म्हणाले. इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या वाट्या एकाखाली एक लटकलेल्या असतात, त्या मोजल्या की लाईन किती व्होल्टची ते कळतं. 110 केव्हीला सात-आठ, 220 ला चौदाच्या आसपास, 400 ला तेवीस वगैरे. मी मान वर करून मोजत होतो, पाऊस डोळ्यांत जात होता, आणि मामा खालून सुधारत होते, "वरची सोडलीस." गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती जवळपास नाहीच. आपलं जवळपास सगळं बाहेरून येतं, आणि त्यातलं काही जंगलातल्या ह्या टॉवरांवरून येतं. मामा ह्याच लाईनींवर भर पावसात चढलेले आहेत.

इथेच तमनार प्रकल्पाची नवीन 400 केव्ही विजेची लाईन यायची होती, आणि दुसरीकडे कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरी व्हायची होती. 2020 मध्ये हे जंगल वाचवायला पोरं रस्त्यावर उतरली, आमचें मोलें म्हणत. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, आणि विजेची लाईन नवीन जंगल न तोडता जुन्या लाईनीच्या मार्गाने न्यायला सांगितली. मामांना वीज हवी, आयुष्यभर त्यांनी तेच केलं, तरी जुन्याच मार्गाने नेणं बरोबर असं तेही म्हणाले.

माझी एकच मागणी राहते. मुरगावला उतरणारा कोळसा ह्याच घाटाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, बाहेरची काही वीज ह्याच जंगलावरून गोव्यात येते, आणि ह्या दोन्हीच्या खाली कुळे, मोले, सांगोड ही गावं आहेत. अरुणच्या दरीतल्या घराला महिन्याला 30 युनिट करारात लिहून मिळतात, तर टॉवरखालच्या धारबांदोडा तालुक्यातल्या घरालाही तसं लिहून मिळायला हवं, आणि लाईनीचं काम सुरू व्हायच्या आधी ते पंचायतीत वाचून दाखवलं पाहिजे. मामा म्हणाले, ग्रामसभेला ये, मांड. पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारून ठेवलंय.