मुलं कुठे आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, एकदाच आणि नीट. प्रश्न नेहमीचाच: "मुलांच्या हक्कांसाठी रस्त्यावर निदर्शनाला उभे राहता, मग फलक धरायला सगळी मोठीच माणसं कशी? मुलं कुठे आहेत?" फोटोग्राफर विचारतात, सोबत उभे राहणारेही विचारतात. मुलाच्या हातातला फलक बघायला लोक थांबतात, हे मला ठाऊक नाही असं कृपा करून समजू नका.

आधी फलकाचंच घ्या. वाचणारा रस्त्यापलीकडे, १५ मीटरवर. दर ३ मीटरला अडीच सेंटिमीटर या हिशेबाने अक्षर १२-१३ सेंटिमीटर उंच हवं. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणजे एक ओळ २० सेंटिमीटर खाते. ९० बाय ६० च्या पुठ्ठ्यावर तीन ओळी, ओळीत आठ-नऊ अक्षरं. 'भाऊ-बहीण / वेगळे / करू नका.' संपली जागा. एवढ्याशा जागेत लोक मुलाचं नाव घालतात, 'अमक्याला न्याय द्या.' वाचणाऱ्याला मागणी कळत नाही, मूल तेवढं कळतं. मूल आईकडे राहणार की वडिलांकडे, असा ताब्याचा खटला चालू असेल तर तोच फोटो समोरच्या वकिलाच्या फायलीत जाऊन बसतो. नाव खोडलं तरी अंगात गणवेश असेल तर उपयोग शून्य, खिशावरचं चिन्ह शाळा सांगतंच. आणि सातव्या वर्षी काढलेला फोटो चौदाव्या वर्षी वर्गातल्या कुणालातरी सापडतो. तेव्हा 'मला नको होता' म्हणून काय होणार?

माइकचं तर बोलूच नका. "तुला कोण आवडतं, आई की बाबा?" हे कुणीतरी विचारतंच. मूल गोंधळून एकाचं नाव घेतं, आणि त्या दिवसाची बातमी तेवढीच होते.

मग पुढचा टोला येतो, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा. कलम १२: आपल्याशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा मुलाला हक्क. बरोबर. कलम १५: शांततेने एकत्र जमण्याचा हक्क. तेही बरोबर. पण कलम १६ म्हणजे खासगीपण, आणि ते त्याच कागदावर आहे. टोला मारणारे १५ वर थांबतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ मध्ये कलम १२ चा अर्थ सविस्तर लिहिला. मुलांचा सहभाग ऐच्छिक हवा, पूर्ण माहिती देऊन हवा, धोक्याचा विचार करून हवा, अशा अटी त्यात आहेत. "शनिवारी येतोयस ना?" असं आईने शुक्रवारी रात्री विचारणं याला ऐच्छिक म्हणत नाहीत.

म्हणून मुलांचं म्हणणं कागदावर येतं. पत्र त्यांच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता, आणि वाचणारं मोठं माणूस. चित्र असेल तर कागद उलटून बघायचा, मागे हमखास नाव, इयत्ता, तुकडी लिहिलेली असते. निवेदनाच्या दोन प्रती, दुसरीवर तारखेसह पोच. पोच नसेल तर महिन्याभराने 'असं काही आलंच नाही' हे ऐकायची तयारी ठेवा.

इथवर मी ठाम आहे. पुढे तितकी नाही, कारण बर्मिंगहॅम.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम, १९६३. वर्णभेदाविरुद्धची मोहीम एप्रिलमध्ये रखडली होती. अटक झाली की नोकरी जायची, मग घर चालवायचं कसं, म्हणून मोठी माणसं पुढे येईनाशी झाली. मोहिमेतला एक संघटक, जेम्स बेव्हेल, याचा हिशेब सरळ होता: मुलांना गमवायला नोकरीच नाही. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी शाळकरी मुलांना अहिंसेचे धडे दिले. मोहिमेचे नेते मार्टिन ल्यूथर किंग स्वतः कचरत होते. २ मे रोजी हजारावर मुलं शाळा सोडून सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमली आणि गाणी म्हणत गटागटाने बाहेर पडली. शेकडोंना अटक झाली. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस आणि अग्निशमन दलाचा प्रमुख बुल कॉनर याने अग्निशमन दलाचे पाइप आणि पोलिसांची कुत्री सोडली. पाण्याच्या माऱ्याने मुलं रस्त्यावरून घरंगळत गेली. तुरुंग भरले, तेव्हा जत्रेच्या मैदानात कोंडली. ते फोटो जगभर छापून आले आणि १० मे रोजी शहरातला वर्णभेद कमी करण्याचा समझोता झाला. २० तारखेला शिक्षण मंडळाने हजारावर विद्यार्थ्यांना शाळेतून काढलं, दोनच दिवसांत अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

पूर्वी मी म्हणत असे, मूल रस्त्यावर कधीच नको, अपवाद नाही. ते म्हणणाऱ्या मला आता विचारावंसं वाटतं, त्या मुलांना तू घरी बसवलं असतंस? ज्या घरातल्या आईबापांना काळे म्हणून सगळीकडे वेगळ्या दाराने आत शिरावं लागत होतं, तिथलं मूल आधीच त्या रस्त्यावर होतं. पण त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. तेव्हा मोर्चा नव्हता, त्या चर्चमध्ये होत्या. मोर्चामुळे गेल्या असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. तरी तो बॉम्ब त्या इमारतीतच का ठेवला गेला, हे मला विसरता येत नाही. खरा पुरुष आपल्या पोरांना गोळीच्या तोंडी देत नाही, असं माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याने तेव्हा सुनावलं होतं. मला ते खोटं वाटत नाही. बेव्हेलचा हिशेबही खोटा वाटत नाही.

अर्जेंटिनात लष्करी राजवटीने तरुण मुलामुलींना गायब केलं, त्यांच्या बुएनोस आयरेसमधल्या आयांचा दाखला देऊन मी पूर्वी हा वाद मिटवत असे. ३० एप्रिल १९७७ रोजी १४ जणी तिथल्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला मनाई, म्हणून जोडीजोडीने चालू लागल्या. पुढे डोक्याला पांढरे लंगोट बांधले, मुलांच्या बाळपणीचे. मूल समोर नसताना मूल दाखवलं, असं मी म्हणायचे. पण पुढे त्यांनीच मुलांची नावं आणि फोटो उघड धरले, कारण ती मुलं बेपत्ता होती आणि चेहरा दाखवणं हीच मागणी होती. म्हणजे माझा दाखला माझ्याच नियमाला आडवा जातो.

तेव्हा तेरा वर्षांची मुलगी स्वतःचा फलक घेऊन आपणहून आली, तर आता मी तिला परत पाठवणार नाही. गणवेश नको. फलकावर नाव नको. जागा दुसऱ्या रांगेत, रस्त्यापासून लांब, आणि शेजारी एक मोठं माणूस, ज्याच्या हातात फलक नाही. तासाभराने घरी. फोटोग्राफरला नाही म्हणायचं काम त्या माणसाचं. ती म्हणाली, "काढू दे की फोटो," तर काय करायचं, यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे.