क्लच स्लिप: प्लेटा बहुधा निर्दोष, ऑइल दोषी

माझ्या बाइकचा क्लच घसरतोय, हा मागच्या अपडेटपासून अडलेला घोळ बराचसा सुटला. लिव्हरच्या टोकाला १०–२० मिमी फ्री प्ले (मोकळी हालचाल) होता, केबल मोकळी होती. तरी इंजिन तापल्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगात पूर्ण थ्रॉटल दिला की आरपीएम चढायचे, गाडी मात्र तिथेच. थंड असताना सगळं झकास.

गॅरेजमध्ये भरलेल्या ऑइलची बाटली शेवटी हाती लागली: १०डब्ल्यू-३० (दाटपणा), एपीआय एसएन (अमेरिकी संस्थेची इंजिन ऑइलची श्रेणी), जासो एमबी (जपानी मानकाची क्लचच्या घर्षणाची श्रेणी). म्हणजे स्कूटरचं! स्कूटरचा क्लच कोरडा, त्यामुळे तिथे घर्षण कमी करणारी रसायनं चालतात. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला, तिथे तीच रसायनं पकड घालवतात.

‘३०’ हा आकडा फक्त गरम ऑइलचा दाटपणा सांगतो: १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं एकक). एपीआयचं अक्षर झीज, गाळ, ऑक्सिडेशन यांचं. क्लचचं घर्षण मोजतं ते जासो टी९०३: गतिज घर्षण, स्थितिज घर्षण आणि थांबायला लागणारा वेळ. एमबी तळाला, एमए वर, त्यातही एमए२ ची पकड सर्वांत जास्त.

खरी गंमत झीज रोखणाऱ्या रसायनातल्या फॉस्फरसची. १०डब्ल्यू-३० ला एसएन हवं तर कमाल ०.०८ टक्के, जासोला किमान ०.०८, कमाल ०.१२. दोन्ही नियम जेमतेम काठावर भेटतात. एसएल या जुन्या एपीआय श्रेणीत मर्यादा ०.१० होती, म्हणून बाइकच्या १०डब्ल्यू-३० वर एसएल दिसलं तर नाक मुरडू नका. १०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ला ही कमाल मर्यादाच नाही. तिथे एसएन आणि एमए२ आरामात एकत्र नांदतात. ‘एसपी (एसएननंतरची एपीआय श्रेणी) म्हणजे सगळ्यात भारी’ म्हणत कारचं ऑइल सुचवणाऱ्या दुकानदारांना लांबूनच नमस्कार. बाटलीवर जासोची चौकट आणि ‘एम’ने सुरू होणारा कोड बघा, नुसतं ‘एमए२ च्या दर्जाचं’ हे शब्द पुरेसे नाहीत.

गरम इंजिनातून ड्रेन करून एमए२ भरलं. घसरणं बरंच कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. फायबर प्लेटांत जुनं ऑइल मुरलेलं असतं, त्यामुळे थोडं चालवून पुन्हा ड्रेन. नव्या प्लेटांची ऑर्डर तोवर थांबवली.

लिहिता लिहिता सुचलं: मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-४० लाही मुभा आहे. उच्च तापमान आणि ताणाखालचा दाटपणा तिथे किमान ३.५ सेंटिपॉइझ, १०डब्ल्यू-३० ला २.९. उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा दुसऱ्या ड्रेनला तेच. त्यानंतरही क्लच घसरला, तर कव्हर उघडून स्प्रिंगची लांबी, फायबरची जाडी आणि निळ्या पडलेल्या स्टील प्लेटांचा बाक काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजायचा. गॅस्केट मात्र आधीच आणून ठेवलंय.