मुरुमं येणाऱ्या, लगेच चिडणाऱ्या त्वचेवर नवं क्रीम लावण्याआधी

मुरुमं येतात आणि वर त्वचा नाजूकही आहे, अशांची दोन्हीकडून पंचाईत होते. मुरुमांवर जे चालतं त्यानं चेहरा सोलवटतो, आणि सोलवटलेल्या चेहऱ्याला जाडसर क्रीम लावलं की पुन्हा पुटकुळ्या येतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तर आग आणि लाली ओसरल्यावर मागे तपकिरी डाग राहतो, आणि तो जायला महिने लागतात. म्हणून ‘लावून तर बघू’ म्हणत थेट चेहऱ्यावर काही फासू नये, आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. फेसवॉश, सीरम आणि क्रीम एकाच आठवड्यात बदललं, तर पुरळ कशानं उठलं ते कधीच कळत नाही.

पॅच टेस्ट, म्हणजे नवी वस्तू आधी थोड्याशा जागेवर लावून बघणं, बहुतेकजण एकच रात्र करतात. तेवढ्यानं भागत नाही. चुरचुरणं काही मिनिटांत जाणवतं, पण खरी ॲलर्जी वर यायला सहसा 48 ते 72 तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला, घडीजवळ, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावा. थर नेहमी लावता तेवढाच हवा. फेसवॉश तपासत असाल तर चेहऱ्यावर ठेवता तितकाच वेळ ठेवून धुवा; तो तासन्‌तास ठेवला तर चांगल्या त्वचेलाही त्रास होईल. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिडनं थोडी लाली, थोडा कोरडेपणा येणं अपेक्षित असतं. खाज सुटून बारीक पुरळ उठलं, सूज आली किंवा पाणी सुटलं, तर ती वस्तू कायमची बाजूला ठेवा.

हातावर निभावलं म्हणजे चेहऱ्यावर निभावेलच असं नाही. हाताच्या त्या भागात तेलग्रंथी फार कमी असतात, त्यामुळे मुरुमांबद्दल ही टेस्ट काहीच सांगत नाही. पुढचे तीन-चार दिवस जबड्याच्या कडेला, कानाखाली लावून बघा आणि मगच पूर्ण चेहऱ्याला. बंद झालेलं रोमछिद्र फुगून वर यायला काही आठवडे जातात. म्हणून मॉइश्चरायझर पचतंय की नाही याचा निकाल महिन्याभरानं द्यावा. आधी सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ही तीन एकेक करून स्थिरावू द्या. मुरुमांचं औषध त्यानंतर.

डब्याच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची यादी वाचा. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रोमछिद्रं न बुजवणारं) या शब्दामागे ठरलेली अशी एकच सक्तीची चाचणी नाही. कुठला घटक रोमछिद्रं किती बुजवतो याचे इंटरनेटवर फिरणारे शून्य ते पाचचे आकडे बरेचसे सशाच्या कानावरच्या जुन्या प्रयोगांतून आले आहेत, आणि तिथली त्वचा आपल्यापेक्षा कितीतरी लवकर प्रतिसाद देते. ‘अनसेंटेड’ (बिनवासाच्या) वस्तूमध्येही वास झाकण्यापुरता सुगंध घातलेला असू शकतो, यादीत ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफम’ नाही ना, ते पाहा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे. लिंबाचा रस मात्र कुठल्याच रूपात नको: तो तीव्र आम्लधर्मी असतो, आणि लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडू शकतात.

आता औषधं. बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचं घ्या. मुरुमांवर ते 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्यानं आग त्यामानानं कमी होते. नाजूक त्वचेवर सुरुवातीला पाच-दहा मिनिटं ठेवून धुवून टाकलं तरी चालतं. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र ते उडवतं. ॲडापॅलीन 0.1 टक्का डॉक्टरांना विचारून सुरू करा. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या आणि मटारच्या दाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्यावर पसरा. फक्त फोडावर टिपका लावून उपयोग नाही, कारण त्याचं काम पुढचं मुरुम थोपवण्याचं आहे. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे आधी व्हॅसलीननं झाका. सर्वात आधी तिथेच सोलतं. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर. परिणाम 12 आठवड्यांनी तपासायचा. गरोदरपणात ॲडापॅलीन नको. तेव्हा ॲझेलेइक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचारता येतं.

या काळात मुरुमं वाढली तर गोंधळ उडतो. जिथे नेहमी येतात तिथेच, रेटिनॉइड (ॲडापॅलीन, रेटिनॉल यांच्या गटातलं औषध) सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत वाढली, तर धीर धरण्यात अर्थ आहे. नव्या जागी आली, खाज आणि जळजळ घेऊन आली, तर थांबा. साध्या मॉइश्चरायझरनं ‘आतली घाण बाहेर पडते’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत बऱ्याचदा मॅलॅसेझिया या यीस्टच्या असतात. त्यांना मुरुमांची औषधं लागू पडत नाहीत, अँटिफंगल लागतं. फक्त केसांच्या रेषेलगत येत असतील तर आधी डोक्याचं तेल बंद करून बघा.

मेडिकलमधून परस्पर आणलेलं, दोन दिवसांत चेहरा ‘साफ’ करणारं क्रीम हा सगळ्यात मोठा धोका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. लावणं थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो, आणि त्वचा पातळ होत जाते. असं क्रीम बराच काळ लावलं असेल तर नवं काहीही सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

जाताना वापरातल्या सगळ्या ट्यूब, डबे पिशवीत घालून न्या, केसांचा रंग आणि शांपूसुद्धा. प्रत्येक वस्तूनंतर पुरळ येत असेल तर डॉक्टर पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम टाळायचं. शक्य असेल तर ही टेस्ट उन्हाळा सोडून करून घ्या.