साइडिंगच्या चार पट्ट्या आणि सात आठवडे

फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना सहज वर बघितलं आणि फावडं तिथेच ठेवलं. घराच्या उत्तरेच्या भिंतीवर विनाइल साइडिंगच्या, म्हणजे भिंतीला बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, चार पट्ट्या गरम तेलात सोडलेल्या पापडासारख्या फुगून वाकल्या होत्या. एकीचा खालचा हूक सुटून ती लोंबत होती.

न्यू जर्सीतलं आमचं हे घर १९९९ सालचं, आम्ही दुसरे मालक. नवरा म्हणाला ग्रिलमुळे झालं असेल. पण ग्रिल मागच्या डेकवर, आणि हिवाळ्यात ते झाकलेलंच असतं. उत्तरेच्या भिंतीवर तर तेव्हा ऊनही येत नाही. मग तीन दुपारी मी तिथे उभी राहिले. तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं होतं. दीडच्या सुमाराला त्या पट्ट्यांवर लख्ख पांढरा कवडसा आला. मी हात लावला तर चटका बसला, एवढ्या थंडीत! ऊन येत होतं शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या खिडक्यांवरून. लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर दिलेल्या काचेच्या दुहेरी खिडकीत दोन काचांमधली हवा थंडीत आकसते, काच किंचित आत दबते आणि अंतर्गोल आरशासारखी ऊन एका जागी गोळा करते. विनाइल साधारण १६० अंश फॅरनहाइटला मऊ पडायला लागतं. शेजारी चांगले, त्यांना कवडसा दाखवला तर तेही हळहळले.

इन्शुरन्सकडे गेलोच नाही. डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, खर्चापेक्षा जास्त होतं.

खरा त्रास झाला तो आमच्या एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचा. बाहेरून काहीही बदलायचं तर आर्किटेक्चरल कमिटीचा फॉर्म भरा, असं मॅनेजमेंट ऑफिसने सांगितलं. भरला. तीन आठवड्यांनी परत आला: साइडिंग कोणत्या कंपनीचं, रंगाचं नाव काय, प्रोफाइल (पट्टीचा आकार) कोणतं, ते लिहा. विसाहून जास्त वर्षांपूर्वी बिल्डरने लावलेल्या साइडिंगच्या रंगाचं नाव मी कुठून आणणार? घर घेतानाच्या फाइली उपसल्या. त्यात छताची वॉरंटी होती, भट्टीचं मॅन्युअल होतं, साइडिंगचा एक कागद नव्हता.

लोंबणाऱ्या पट्टीचा तुकडा घेऊन साइडिंगच्या सप्लाय यार्डात गेले. काउंटरवरच्या माणसाने टेप लावून सांगितलं, हे डबल फाइव्ह, म्हणजे एका पट्टीत पाच-पाच इंचांच्या दोन फळ्यांचा आकार. आकार अजून मिळतो, पण हा रंग बंद झालाय. आणि मिळाला असता तरी जुना उडालेला, नवा ताजा, म्हणजे ठिगळ दिसणारच. त्यातल्या त्यात जवळचा नमुना त्याने दिला. मी सगळं लिहून, नमुना जोडून फॉर्म पुन्हा दिला. उत्तर एका ओळीचं: रंग जुळत नाही, नामंजूर. मग काय करू, विचारलं तर म्हणे कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.

दरम्यान मार्चच्या वाऱ्यात ती लोंबणारी पट्टी उडालीच. आतला हाउसरॅप, म्हणजे साइडिंगमागे भिंतीला गुंडाळलेलं आवरण, उघडा पडला आणि एका कोपऱ्यात फाटलेला दिसला. साइडिंग स्वतः पाणी पूर्ण अडवत नाही. मागे शिरलेलं पाणी हाउसरॅपवरून खाली उतरतं, म्हणून तो फाटणं वाईट. हाउसरॅपची टेप आणून मीच तो चिकटवला, वर प्लास्टिक ठोकलं. रात्री पाऊस आला की त्या प्लास्टिकचा फडफडाट बेडरूममध्ये ऐकू यायचा आणि मी जागी राहून भिंतीत मुरणाऱ्या पाण्याचा विचार करायचे. मेल टाकले, फोन केले. ‘फाइल कमिटीकडे आहे.’ माझं घर भिजतंय याचं त्या ऑफिसात कुणालाच काही नव्हतं. आज लिहितानाही राग येतो.

शेवटी मंडळातल्या एका काकांपुढे हे बोलले. ते निवृत्त इंजिनिअर, स्वतःच्या घराचं सगळं स्वतः करतात. म्हणाले, “अगं, नवी पट्टी पुढे लावतेसच कशाला? डेकखालच्या जुन्या काढ, त्या पुढे लाव, आणि नव्या पट्ट्या डेकखाली. आणि नियमावली वाचलीस का?”

नव्हती वाचली. त्या रात्री साठ पानं वाचली. त्याच सामानाने, त्याच रंगात केलेल्या दुरुस्तीला मंजुरी लागत नाही, फक्त कळवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं! दोन ओळींचा मेल केला, डेकखालच्या नव्या पट्ट्यांचंही त्यात लिहिलं. त्याच दुपारी ‘ओके’ आलं. सात आठवडे फॉर्म भरून घेणाऱ्या ऑफिसने हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तुमची एचओए असेल तर फॉर्मच्या आधी नियमावली वाचा.

काम एका शनिवारचं. होम डेपोतून झिप टूल आणलं, काही डॉलरचं हत्यार. खराब पट्टीच्या वरच्या पट्टीखाली ते अडकवून खाली ओढत सरकवलं की हूक टकटक सुटत जातो. मग खिळे काढायचे, पट्टी उतरते. डेकखाली चारही सलग काढल्या. एप्रिल अखेर असल्याने विनाइल लवचीक होतं. कडक थंडीत ते तडकतं, तेव्हा घाई करू नका. लावताना काका दोनच गोष्टींवर अडून बसले. खिळा पट्टीवरच्या खिळ्यासाठीच्या फटीच्या मधोमध हवा, आणि पूर्ण ठोकायचा नाही, डाइमच्या (दहा सेंटच्या नाण्याच्या) जाडीएवढा बाहेर ठेवायचा. बारा फुटांची पट्टी ऊन-थंडीत अर्धा इंचापर्यंत लांब-आखूड होते, करकचून ठोकली तर लाटा येतात. म्हणून टोकांनाही पाव इंच जागा. प्रत्येक पट्टी लावून झाली की ते म्हणत, “हलवून बघ.” डावी-उजवीकडे सरकली तरच पुढची.

उत्तरेची भिंत आणि डेकखाली, दोन्हीकडे ऊन कमी. त्यामुळे रंग इतका जुळला की कुठल्या चार बदलल्या हे नवऱ्याला ओळखता आलं नाही. माझ्या हातचं काम आहे ते.

हो, पट्ट्या लावायच्या आधी शेजाऱ्यांनी त्या खिडक्यांना बाहेरून पूर्ण जाळी बसवली, खर्च निम्मा-निम्मा. हे आधी करा, नाहीतर बदललेल्या पट्ट्याही वितळतील. उरलेल्या दोन नव्या पट्ट्या गॅरेजमध्ये आडव्या, सपाट ठेवल्या आहेत, आणि एकीच्या मागे मार्करने कंपनी, रंग आणि प्रोफाइल लिहिलंय.