एक डाग गेला, दुसरा आहे

माझ्या चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या जातीचे डाग आहेत, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्यालाच वांग म्हणतात. धाकट्याच्या वेळी सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी सावट आलं. "बाळंतीण झालीस की जाईल," सासूबाई म्हणाल्या. मुलगा आता पाचवीत आहे. डाव्या कानशिलापाशी चवळीच्या दाण्याएवढा काळपट ठिपका कधी आला, ते मात्र आठवत नाही. तोही त्याच खात्यात जमा झाला.

मी सोलापुरात शाळेत शिकवते. परिपाठ मैदानावर, स्पर्धांची ड्यूटी मैदानावर, येणं-जाणं स्कूटीवर. इथलं एप्रिलचं ऊन ज्यांनी काढलंय त्यांना जास्त सांगायला नको.

घरचे उपाय सगळे झाले. जायफळ दुधात उगाळून झालं. लिंबू चोळून झालं (लिंबू लावून उन्हात गेलं तर उलट काळं पडतं, हे नंतर कळलं). मग शेजारणीने औषधाच्या दुकानातली एक ट्यूब सांगितली. तिची गंमत अशी की पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला. शाळेत दोघींनी नाव विचारलं, मी हौसेने सांगितलंही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. चार-पाच महिन्यांनी गाल लाल राहायला लागले, हनुवटीवर पुरळ आलं, बारीक लव वाढली. ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग आग, लावली की थंड.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले ती लेझर करायचं ठरवूनच. मॅडमनी आधी पर्समधली ट्यूब काढायला लावली. मागची बारीक अक्षरं मला वाचायला दिली. बीटामेथासोन. "हे स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको," म्हणाल्या. चेहरा शांत होईपर्यंत लेझरचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. त्यात चार महिने गेले. पहिले तीन आठवडे तर तोंड लपवून शाळेत गेले.

चार महिन्यांनी खरी तपासणी झाली. खोलीत अंधार करून जांभळट उजेडाचा दिवा चेहऱ्यावर धरला, मग भिंगासारखं छोटं यंत्र टेकवून पाहिलं. आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की गालावरचं आहे ते वांग, ते काही ठिकाणी त्वचेत खोल आहे. आणि कानशिलावरचा आहे तो उन्हाने आलेला साधा डाग, अगदी वरच्या थरातला. ठिपका लेझरने बहुतेक जाईल. वांग लेझरने जाईलच असं नाही, आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते भडकूही शकतं. एवढं स्पष्ट त्या बोलल्या. त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी विचारून आले होते, तिथे काउंटरवरच्या मुलीने चेहऱ्याकडे न बघता सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं होतं.

ठिपक्याचा दिवस डिसेंबरमध्ये ठरला. पंधरा दिवस आधी डागाच्या कडेला एक-दोन ठोके मारून चाचणी झाली होती. त्या दिवशी बधिरतेचं क्रीम लावून वर स्वयंपाकघरातला असतो तसला प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला आणि पाऊण तास बसवलं. डोळ्यांवर झाकणं. यंत्राचा टक् टक् आवाज, आणि प्रत्येक टक् बरोबर फोडणीतली मोहरी उडून गालावर बसावी तसा चटका. केस जळल्याचा बारीक वास. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. आरशात पाहिलं तर काळा ठिपका पांढराफट्ट! मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, असंच व्हायला हवं.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं: या लेझरच्या दोन लहरी असतात, 532 आणि 1064 नॅनोमीटर. आखूड लहर वरच्या थरातल्या डागासाठी, लांब लहर खोल जाते. झोत टिकतो काही नॅनोसेकंद. तेवढ्यात काळा रंग तो शोषून घेतो आणि त्याचे तुकडे होतात; आजूबाजूच्या कातडीला तापायला वेळच मिळत नाही. वरचा चुरा खपलीबरोबर पडतो, बाकीचा शरीरातल्या पेशी उचलून नेतात.

संध्याकाळपर्यंत ठिपका आधीपेक्षाही काळा झाला, दुसऱ्या दिवशी चहाच्या भुकटीसारखी खपली धरली. ती ओढायची नाही. हे सांगायला सोपं आहे; वर्गात पेपर तपासताना माझं बोट आपोआप तिथे जायचं. शेवटी त्यावर चिकटपट्टी लावून बसले. आठव्या दिवशी तोंड धुताना खपली पडली, खाली गुलाबी कातडी. तीन आठवड्यांनी तिथे पुन्हा काळपट झाक आली आणि मी रडायची बाकी राहिले. लेझरनंतर आपल्या रंगाच्या लोकांना हे होतं, म्हणे. दोन महिन्यांत ती झाक विरली. आज तिथे बोट ठेवून दाखवावं लागतं.

वांगाचं काय झालं? त्यासाठी रात्री लावायचं क्रीम ठरावीक आठवडे, मग बंद. काही महिने ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या. त्याआधी घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता का, हे खोदून विचारलं. दुकानदार चिठ्ठी बघून म्हणाला, "ताई, ही तर पाळीत जास्त अंगावर जातं त्याची गोळी." बरोबरच होतं त्याचं.

तरी मी हट्ट केला आणि गालावर हलक्या ताकदीच्या लेझरच्या तीन बैठका करून घेतल्या. फेब्रुवारीत गाल इतके छान दिसत होते की स्नेहसंमेलनाचे फोटो मी स्वतःहून मागितले. एप्रिलात सावट परत. मॅडम "मी म्हटलं होतं ना" असं म्हणाल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

आता बैठकांचे पैसे सनस्क्रीनला जातात. मातकट रंगाचं मिळतं ते, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांगाला डोळ्यांना दिसणारा उजेडही चालत नाही, आणि बिनरंगी क्रीम तो अडवत नाही. दोन बोटं भरून, सकाळी एकदा आणि मधल्या सुट्टीत एकदा. परवा चौथीतली एक मुलगी टक लावून बघत होती. म्हणाली, "बाई, तुम्ही रोज गालाला माती का लावता?"