तुम्ही विचारलेत म्हणून : दारात समुद्र, मग रात्रीच्या ताटात मासे का नाहीत?

आमच्या वाडीत दिवेलागणीनंतर रात्री काय केले हे एकमेकींना विचारण्याची आणि सांगण्याची रीत आहे. शेजारीण गडग्यापलीकडून विचारते, बहीण मुंबईहून फोनवर विचारते, आणि मीही त्यांना तेच विचारते. माझे उत्तर वर्षातल्या बहुतेक रात्री एकच असते : कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा किंवा सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर, आणि परसात काही उगवले असेल तर एखादी भाजी. हे ऐकल्यावर मालवणच्या किनाऱ्यावर न राहणारे सगळेच मला पुढचा प्रश्न विचारतात. समुद्र दारात, घर रापणकरांचे, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्यांचे, आणि रात्री पिठी? काही जण तो कौतुकाने विचारतात, काही कीव करून, आणि काहींच्या आवाजात माझ्या नवऱ्याच्या कमाईविषयी शंका असते. आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

पहिले कारण अगदी साधे आहे. मासळी सकाळी येते. रापणीचे जाळे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. जाळे वाळूवर आले की जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरतो. विकायची मासळी तिथूनच विकली जाते आणि उरलेली घरी येते. घरी आलेला बांगडा किंवा पेडवा दुपारच्या जेवणाआधी चुलीवर चढतो, कारण ताज्या मासळीची चव तासांवर असते आणि ती रात्रीपर्यंत ठेवून देणे आमच्याकडे कोणाला पटत नाही. दुपारची माशांची कढी उरलीच तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेबरोबर जास्त रुचते, म्हणून रात्री तिला कोणी हात लावत नाही. शिवाय सोमवार आहे, एकादशी आहे, संकष्टी आहे, श्रावण आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. आमची होडी त्या बंदीत येत नाही, पण त्या दिवसांतला समुद्र रापण घालू देत नाही. मग आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेली सुकी मासळीच जून-जुलैत कामाला येते.

दुसरे कारण सांगताना मला थोडा राग येतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि आमच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढली. तारकर्लीला आलेला पाहुणा दिवसभर पाण्यात खेळतो आणि रात्री निवांतपणे सुरमईच्या थाळीवर बसतो. त्याला ती थाळी आवडते याचा मला आनंदच आहे, कारण त्या थाळीवर आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांच्या चुली चालतात. पण घरी परत गेल्यावर तो सांगतो की मालवणात लोक रोज रात्री हेच जेवतात. ती सुरमई आमच्या घरात शिजत असती तर त्याच्या ताटात पोहोचली नसती, हा हिशेब तो करत नाही.

आणि हेही लपवत नाही की पूर्वीइतकी मासळी रापणीला लागत नाही. बांगड्याचा आणि तारलीचा थवा किनाऱ्याजवळ येण्याआधीच थव्याला घेरून तळातून आवळणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांत जातो, ही इथल्या रापणकरांची जुनी तक्रार आहे. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले आणि केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेडाची रांग दिसली की माझा नवरा ओट्यावरून उठून आत जातो. तेव्हा रात्री मासे का नाहीत याचे एक उत्तर मासे नाहीत हेसुद्धा आहे. पण तेवढेच उत्तर दिले तर पिठी ही नाइलाजाची गोष्ट ठरते, आणि ती तशी नाही.

माझे माहेर कुडाळकडचे, शेतकऱ्याचे. भात कापून झाले की त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही आणि माघ-फाल्गुनात तो काढणीला येतो. मग तो भाजायचा, भरडायचा, पाखडून साल काढायची आणि दळून आणायचा. भाजताना विस्तव मोठा झाला तर पीठ कडवट होते आणि कमी भाजले तर पिठीला उग्र वास येतो, म्हणून आई ते काम दुसऱ्या कोणावर सोपवत नसे. रात्री चार माणसांसाठी मी चार मोठे चमचे पीठ थंड पाण्यात कालवून घेते. लोखंडी कढईत तेल तापले की ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत थांबते, मग हिरवी मिरची आणि कांदा टाकते, पाणी आणि दोन-तीन आमसुले घालते, आणि ते उकळू लागल्यावर कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहते. ढवळणे थांबले तर गुठळ्या होतात. रटरट वाजू लागले आणि पळीला पातळसर लेप बसला की ओले खोबरे भुरभुरायचे आणि उतरवायचे. गरम उकड्या भातावर ही पिठी आणि बाजूला खाऱ्या बांगड्याचा तुकडा, एवढे असले की माझ्या घरातल्या माणसांना आणखी काही लागत नाही.

आता ज्या रात्रीमुळे हा प्रश्न मला लागतो, ती सांगते. माझ्या लग्नाला थोडीच वर्षे झाली होती आणि धाकट्या नणंदेला पाहायला मुंबईहून मंडळी यायची होती. मुलगा, त्याचे आईवडील आणि आत्या. मूळचे कोकणातले, पण दोन पिढ्या मुंबईत. संध्याकाळी पाहण्याचा कार्यक्रम आणि रात्री आमच्याकडे जेवण, असे ठरले होते. माघातले दिवस होते. सकाळी रापण ओढली, पण जाळ्यात मूठभर पेडव्यांखेरीज काही आले नाही, आणि तेही ओढणाऱ्यांच्या हातावर ठेवून संपले. मी पिशवी आणि पैसे घेऊन मालवणच्या बाजारात जायला निघाले होते. सासूबाईंनी मला ओट्यावरच थांबवले. “खंय चललंस?” म्हणून विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, “रापणकाराच्या घरात इकत हाडलेली सुरमय? समुद्रान आज काय दिल्यान नाय, तां पावण्यांकाय कळांदे.”

मी त्यांच्याशी वाद घातला. सासूबाईंशी तोंड वर करून बोलण्याचे ते दिवस नव्हते, तरी घातला. मी म्हटले की मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, एका दिवसापुरते विकत आणले म्हणून रापणकार काही लहान होत नाही. सासरे खांबाला टेकून जाळे विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नणंद आतून सगळे ऐकत होती. सासूबाईंनी पिशवी माझ्या हातातून काढून खुंटीला अडकवली आणि कुळथाचा डबा खाली काढला. त्या दिवशीची पिठी त्यांनी स्वतः केली. लसूण नेहमीपेक्षा जास्त घातला, नारळाचा घट्ट रस काढून वरून सोडला, खारे बांगडे पाण्यात घालून मीठ उतरवले आणि मग भाजले, सोलकढी केली, उकड्या तांदळाचा मऊ भात केला. जे घरात होते त्यातले त्यांनी काही हातचे राखले नाही.

पाने वाढली. मुलाच्या आत्येने पिठीच्या पातेल्यावरचे झाकण स्वतः उचलून पाहिले आणि शांतपणे विचारले, “मासे मागाहून येतायत ना?” सासूबाई पंगतीसमोर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आज रापणीक मासळी गावली नाय. गावली असती तर पयली तुमका घातली असती.” त्यावर कोणी काही बोलले नाही. मुलाच्या वडिलांनी भात कालवला. मुलाने दोनदा पिठी मागून घेतली, हे मला स्पष्ट आठवते, कारण दुसऱ्यांदा वाढायला मीच वाकले होते आणि माझ्या हातातली पळी थरथरत होती. आत्येने बांगडा ताटाच्या कडेला सारला आणि सोलकढीवर जेवण आटोपले. दाराआड उभ्या असलेल्या नणंदेच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो घेऊन ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला की योग नाही. कारण दिले नाही. महिन्याभराने नात्यातल्या कोणीतरी सांगितले की ती आत्या म्हणत होती, मासेमाराच्या घरी आम्हाला पिठी वाढली. लग्न त्यामुळेच मोडले का, हे मला आजही ठाऊक नाही. पत्रिका, हुंडा, मुलीचा रंग, मुलाचे दुसरीकडे असलेले मन, कशानेही मोडू शकते. पण त्या रात्री मोरीवर भांडी घासताना नणंद मला एवढेच म्हणाली होती, “वयनी, तू तरी कायतरी करूक होया होतां.” मी निघाले होते, मला थांबवले, हे तिने ऐकलेले होते. तरीही ती मलाच म्हणाली, कारण आईला म्हणता येत नव्हते.

पुढे तिचे लग्न डोंबिवलीला झाले, चांगले झाले. आता सासूबाई नाहीत. तीच नणंद मला दर दोन-चार दिवसांनी रात्री फोन करते आणि काय केलेस म्हणून विचारते. मी पिठी म्हटले की ती थोडी थांबते आणि दुसराच विषय काढते. बाकीचे विचारतात तेव्हा मी उत्तर देऊ शकते. तिच्या त्या थांबण्यापुढे मला उत्तर सुचत नाही.

त्या वेळची मी सासूबाईंना हट्टी समजत होते. मला वाटे की मान ही पोट भरलेल्यांची चैन आहे आणि पाहुण्यांना त्यांच्या मनासारखे वाढणे यातच घराची अब्रू आहे. आज माझ्या दारात पाहुणा आला आणि घरात मासळी नसली तर मीही बहुतेक वेळा पिठीच वाढते, आणि कारण सांगून वाढते. म्हणजे सासूबाईंचे मला पटले का? काही रात्री पटते. आपल्याकडे जे आहे ते नीट शिजवून समोर ठेवणे यात कमीपणा कसला, असे मी ठणकावून म्हणते. आणि काही रात्री त्या तांब्याची आठवण येते, तेव्हा वाटते की एका दिवसाची सुरमई आणली असती तर समुद्राचे काही बिघडले नसते. त्या तरुण सुनेला मी चूक म्हणू शकत नाही आणि सासूबाईंनाही नाही.

माझी मुलगी कॉलेजात आहे आणि तिला हे सगळे माहीत आहे. ती म्हणते, “आई, मासळी कमी झाली, ती परवडत नाही, म्हणून आपण पिठी खातो. त्याला अभिमान म्हणून कशाला सांगतेस?” मी तिला म्हटले की मासळी भरपूर होती तेव्हाही रात्री पिठीच होती, हे माझ्या सासऱ्यांनी मला सांगितले आहे. शिवाय इथल्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हापूसला २०१८ साली मिळाले, त्यांचे बाहेर कौतुक झाले म्हणून आपल्या घरातही त्यांना भाव आला. पिठीचे बाहेर कोणी कौतुक केले नाही म्हणून ती गरिबीची ठरली, एवढाच फरक. मुलगी म्हणाली की फरक एवढाच नाही, हापूस आपण हौसेने खातो आणि पिठी सवयीने. मला हे मान्य नाही. पण ज्या दिवशी रापण भरून येते त्या दिवशी माझा नवरा रात्रीसुद्धा दोन बांगडे तळायला सांगतो आणि आम्ही सगळे मिटक्या मारत खातो, हेही तिने पाहिलेले आहे, आणि ते मी नाकारत नाही.

येत्या मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन राहायला येणार आहे. तिच्या धाकट्या मुलाला मासे फार आवडतात. नवरा म्हणतो की ती येईल त्या रात्री, रापणीला काही लागो न लागो, बाजारातून सुरमई आणू. मुलगी म्हणते, आत्यालाच विचार. मी अजून विचारलेले नाही. माहेरहून या वर्षीचा कुळीथ आला आहे, तो भाजून, दळून डब्यात भरून ठेवला आहे, आणि नवऱ्याला मी हो किंवा नाही काहीच म्हटलेले नाही.