डक्टमधून येणारा धूर

रोज सकाळी सव्वासहाच्या आसपास आमच्या बाथरूममध्ये सिगरेटचा वास येतो. आमच्याकडे कुणी ओढत नाही (मी ओढायचो, सुटली एकदाची, चौथ्या प्रयत्नात). खालच्या मजल्यावरचे काका बाथरूममध्ये ओढतात कारण काकू हॉलमध्ये ओढू देत नाहीत, आणि तो धूर डक्टमधून थेट वर. म्हणजे काकूंनी स्वतःचं घर वाचवलं आणि प्रॉब्लेम आमच्याकडे पाठवून दिला. कोथरूडच्या जुन्या बिल्डिंगी आहेत या, डक्टमधून कोण आंघोळ करताना काय गातंय तेसुद्धा कळतं, धुराचं काय घेऊन बसलात.

तर गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगला हा विषय निघाला. मी नव्हता काढला, दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी काढला, त्यांचं बाळ आठ महिन्यांचं आहे. कुणीतरी लगेच म्हणालं नियम करा, फ्लॅटमध्ये ओढली तर पाचशे रुपये दंड. काका उसळलेच. "माझं घर, माझे पैसे, उद्या फोडणीला पण परवानगी घ्यायची का?" आणि कोपऱ्यातून एकजण हळूच म्हणाले, सिगरेटच्या वासाचं बघताय तर सुक्या बोंबलाच्या वासाचं पण बघून टाका. झालं! मला त्या क्षणी काकांची बाजू घ्यावीशी वाटली, कारण वासावरून नियम करायला बसली की पुण्यातली सोसायटी कुठे जाऊन थांबेल काही सांगता येत नाही.

पण बोंबलाच्या वासाने शेजाऱ्याची फुफ्फुसं खराब होत नाहीत हो. फरक तिथेच आहे. 1981 मध्ये हिरायामा नावाच्या जपानी संशोधकाने 91,540 बायकांचा अभ्यास छापला होता, स्वतः न ओढणाऱ्या, चौदा वर्षं माग ठेवलेल्या. ज्यांचे नवरे जास्त ओढायचे त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू जास्त निघाले. सिगरेट कंपन्यांनी त्यावर बरीच चिखलफेक केली पण नंतरच्या अभ्यासांतून तेच पुढे आलं.

मला ते वाचताना आईच आठवते. नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ओढायचे, आई तिथेच दोन हातांवर स्टोव्हपाशी. वाडा सोडताना भिंतीवरचं कालनिर्णय काढलं तर खाली पांढराशुभ्र चौकोन, आणि बाकी सगळी भिंत चहा सांडल्यासारखी पिवळी. आईने चुन्याला दोष दिला. तिने आयुष्यात सिगरेट हातात धरली नाही, ती बाबांना कधी "बाहेर जाऊन ओढा" असंही म्हणाली नाही, आणि आता तिच्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो. धुरामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, घरात कोण ओढतं?

आता कायदा काय म्हणतो तर 2003 च्या कोटपा कायद्यात (सिगरेट-तंबाखूवरचा केंद्राचा कायदा) बंदी आहे ती सार्वजनिक जागी. 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम कडक झाले, ऑफिस, हॉटेल, थिएटर, स्टेशन सगळं आलं, दंड 200 रुपयांपर्यंत. उंबरठ्याच्या आत मात्र तो येत नाही. आणि गंमत म्हणजे आमच्या ऑफिसात बंद झाल्यावर मी घरी गॅलरीत जास्त ओढायला लागलो, तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती आणि गॅलरीचं दार काही दर वेळी लावलेलं नसायचं. बायको बोलली की मी पण हेच म्हणायचो, माझं घर आहे. म्हणजे काकांचा डायलॉग मूळ माझाच.

म्हणून घरात पोलीस यावा असं मला आजही वाटत नाही. सिंगापूरमध्ये 2020 ला खिडकीत, बाल्कनीत ओढण्यावर बंदीची मागणी संसदेत झाली होती, तर पुराव्यासाठी लोकांच्या घरावर कॅमेरे रोखायचे का यावर अडलं. सिंगापूरमध्ये! आपल्याकडे तर सुट्टी सिगरेट विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे आणि कुठल्याही टपरीवर जाऊन बघा. पण इंग्लंडने 2015 ला एक केलं ते मला पटतं, गाडीत अठराच्या आतलं कुणी असेल तर ओढायची नाही. मोठा माणूस उठून जाऊ शकतो, पोरगं सीटबेल्टात अडकलेलं असतं.

मीटिंगमध्ये शेवटी ठराव वगैरे झाला नाही, चहा झाला. दोन दिवसांनी मीच खाली गेलो, म्हणलं काका, दंडबिंड सोडा, गच्चीवर जाता का, वाटलं तर सोबतीला मी येतो. काका जरा ओशाळले, मग गेले बिचारे, रोज चार जिने, गुडघे धरून.

आज पहाटेपासून पाऊस लागलाय. सव्वासहाला वास आला. मी बाथरूमची खिडकी लावून घेतली आणि दात घासले.